गोव्यात जुनी पुस्तकं जमवताना: व्यापार आणि सुरुवातीचं टीव्ही-तंत्रज्ञान

घर आवरायला काढलं की रद्दीत पहिली जातात ती तंत्राची आणि व्यापाराची पुस्तकं. पोथ्यांना कोणी हात लावत नाही, कादंबऱ्या शेजारी मागून नेतात. पण हिशेबलेखन, शॉर्टहँड, रेडिओ दुरुस्ती, टेलिव्हिजनची मूलतत्त्वं ही पुस्तकं 'आता याचा काय उपयोग' म्हणून सरळ पोत्यात भरली जातात. म्हणूनच ती जमवायला हवीत. गोव्यात ती अजून मिळतात, मात्र दर पावसाळ्यात कमी होत जातात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला कुठे जायचं, काय पाहायचं आणि घरी आणल्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

हे दोन विषय एकत्र का, असं बरेच जण विचारतात. टेलिव्हिजन हा शोध आणि धंदा एकाच वेळी जन्मला. जॉन लोगी बेअर्ड यांनी 26 जानेवारी 1926 रोजी लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवर हलतं चित्र दाखवलं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची कंपनी भांडवल गोळा करत होती. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ या तरुणाने 1927 मध्ये पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक चित्र पाठवलं. डेव्हिड सारनॉफ यांच्या आरसीए या बड्या रेडिओ कंपनीने त्याच्याशी वर्षानुवर्षं पेटंटचा झगडा केला आणि शेवटी 1939 मध्ये त्यालाच पैसे मोजून परवाना घेतला. ही गोष्ट नुसत्या तंत्राच्या पुस्तकातून कळत नाही, नुसत्या कंपन्यांच्या इतिहासातूनही नाही.

गोव्याशी याचा एक थेट धागा आहे. शॉर्टहँड आणि वाणिज्याच्या पुस्तकांसाठी जगभर ठाऊक असलेल्या लंडनच्या पिटमन प्रकाशनानेच 1926 मध्ये आल्फ्रेड डिन्सडेल यांचं टेलिव्हिजनवरचं छोटं पुस्तक काढलं. इंग्रजीतल्या या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोडतं. मुंबईत आणि पूर्व आफ्रिकेत कारकुनी करायला गेलेल्या कितीतरी गोंयकारांनी पिटमनचंच शॉर्टहँड घोटलं. त्यामुळे इथल्या जुन्या कपाटात पिटमनचं नाव दिसलं की पूर्ण फळी बघा, एका पुस्तकावर थांबू नका.

1. आधी कुंपण घाला

सगळंच जमवायला निघालात तर सहा महिन्यांत घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही. टीव्हीच्या बाजूने तीन टप्पे धरता येतात. पहिला, 1884 मध्ये पॉल निपको यांनी चित्राचे तुकडे करून टिपणाऱ्या फिरत्या चकतीच्या पेटंटसाठी अर्ज केला तिथपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत. दुसरा, युद्धानंतरचा व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) संचांचा काळ, साधारण 1967 पर्यंत. तिसरा भारतातला: 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र आलं आणि 1982 मध्ये रंगीत चित्र आलं, तोवरचा.

माझं मत विचाराल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. ती पुस्तकं मिळतात, परवडतात, आणि ती वाचली की मागच्या काळातली भाषा समजू लागते. पहिल्या टप्प्यातलं पुस्तक गोव्यात हाती लागणं दुर्मीळ आहे. व्यापाराच्या बाजूने एकच वाट निवडा: हिशेबलेखन आणि शॉर्टहँड, किंवा कंपन्यांचे इतिहास, किंवा व्यवस्थापन. तिन्ही एकदम नको.

2. सोबत काय ठेवायचं

पिशवीत एवढं असू द्या: टॉर्च, छोटं भिंग, मऊ शिसाची पेन्सिल, वही, नाकातोंडावर बांधायचा मास्क, हातमोजे, मऊ ब्रश, दोन-तीन सुती पिशव्या, आणि ओल्या पुस्तकासाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी. फोनमध्ये तुमच्याकडे असलेल्या पुस्तकांची यादी ठेवा, नाहीतर तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येतं. बॉलपेन पुस्तकाजवळ आणूच नका.

कागदपत्रांत दोनच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे साध्या पावतीचं पुस्तक. दुसरी, ज्या सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ पाहायचे असतील तिथलं सभासदत्व. त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आपल्या हाताशी आहे. त्याची परंपरा 1832 पासूनची. हाती आलेली प्रत पूर्ण आहे का, हे ताडून पाहायला ग्रंथालयातल्या प्रतीइतकं खात्रीचं काही नाही.

3. कुठे शोधायचं

भंगारअड्डे. सुरुवात इथूनच करा. म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, सगळीकडे आहेत. अड्डेवाल्याला कागदाचा भाव किलोवर कळतो, त्यामुळे तुम्ही किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त द्यायला तयार आहात एवढं त्याला समजलं की तो पोती बाजूला काढून ठेवतो. एकदा भेटून सोडू नका, ओळख ठेवा. 'जाड, इंग्लिश, आत तारांची चित्रं असलेली' अशी खूण सांगितली की त्याचा माणूस बरोबर ओळखतो. तिथे जुन्या टीव्हीचे संच पडलेले असतात. त्यांच्या पिक्चर ट्यूबला हात लावू नका. ती फुटली तर काचा अंगावर येतात, आणि नुकत्याच बंद केलेल्या संचात विजेचा दाब साठलेला असतो.

टायपिंगचे क्लासेस आणि रेडिओ दुरुस्तीची दुकानं. बंद झालेली किंवा बंद होऊ घातलेली. टायपिंग क्लासच्या कपाटात शॉर्टहँडबरोबर व्यापारी पत्रव्यवहाराची, हिशेबलेखनाची पुस्तकं असतात. दुरुस्तीच्या दुकानात सर्किटांचे ग्रंथ असतात, आणि माझा जीव त्यांच्यावर सगळ्यात जास्त आहे. माझ्याकडे न्यून्स प्रकाशनाच्या रेडिओ-टीव्ही सर्व्हिसिंगच्या मालिकेतला एक खंड आहे. एका पानावर सोल्डरचा थेंब पडून कागद तपकिरी झाला आहे, आणि सर्किटमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायाशी कुणीतरी पेन्सिलीने मोजलेले व्होल्ट लिहिले आहेत. छापील आकडा खोडून, शेजारी आपला. कोऱ्या प्रतीपेक्षा मला ही प्रत मोलाची वाटते. अशा खुणा पुसू नका.

तारवट्यांची, म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं. बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी केलेल्यांच्या घरी बिनतारी संदेशवहनाची जाडजूड पुस्तकं सापडतात. ती टेलिव्हिजनची नसली तरी आधीची पायरी तीच. सासष्टी आणि बार्देश या तालुक्यांत चौकशी करा.

जुनी मोठी घरं. भाटकारांच्या (जमीनदारांच्या), व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या. इथे पोर्तुगीज पुस्तकंही भेटतील: व्यापारी कायद्याची, हिशेबाची. भाषा येत नसली तरी सोडू नका. पोर्तुगालची व्यापारी संहिता 1888 ची, आणि इथला व्यापार कित्येक दशकं तिच्यावर चालला. तिच्या समासात कुणा गोंयकार दुकानदाराच्या हातच्या नोंदी असतील तर ते पुस्तक गोव्याच्या व्यापाराचा दस्तऐवज ठरतं.

कॉलेजं. फर्मागुढीचं अभियांत्रिकी महाविद्यालय, पॉलिटेक्निक, आयटीआय, वाणिज्य महाविद्यालयं. ग्रंथालयं जुनी पुस्तकं रीतसर बाद करतात, तेव्हा लिलाव किंवा विक्री असते. ग्रंथपालांना नम्रपणे अर्ज देऊन ठेवा. 625 रेषांच्या (पडद्यावरचं चित्र जितक्या आडव्या रेषांनी बनतं तो हा आकडा) कृष्णधवल आणि पाल पद्धतीच्या रंगीत टीव्हीवरची आर. आर. गुलाटी यांची पुस्तकं अशा वेळी हमखास दिसतात. भारतीय टप्प्यासाठी तीच पायाभूत.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहा, पण आशा बेताची ठेवा. हरमल, हणजूण, पाळोळे इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बहुतेक पर्यटकांनी सोडलेल्या कादंबऱ्या असतात. व्यवस्थापनाचं एखादं पुस्तक मिळेल, टीव्हीचं नाही.

गोव्याबाहेर जाणार असाल तर मुंबईत फोर्टचे पदपथ आणि किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौक. किंग्ज सर्कलला अभियांत्रिकीची जुनी क्रमिक पुस्तकं सुटी मिळतात.

4. केव्हा जायचं

मे महिन्यात मुंबईची, परदेशातली मंडळी गावी येतात, घराच्या वाटण्यांची बोलणी होतात, बंद खोल्या उघडतात. हा सगळ्यात चांगला काळ. दुसरा, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा-वीस दिवस. रंगरंगोटीसाठी माळे रिकामे केले जातात. त्या वेळी भंगारअड्ड्यावर दर दोन दिवसांनी फेरी मारा, कारण पोती लगेच पुढे जातात. ख्रिस्ती घरांत हीच आवराआवर नाताळापूर्वी असते. भर जुलैत मात्र पुस्तकं विकत घेऊ नका. तेव्हा हाती येणारं प्रत्येक पुस्तक दमट असतं आणि ते वाळवायला ऊन नसतं.

5. घरी जाऊन कसं बोलायचं

कोणाची तरी ओळख घेऊन जा. गावचे शिक्षक, देवळाच्या समितीतले कोणी, पाद्री, पंच, कोणीही चालेल. अनोळखी माणूस जुन्या वस्तूंबद्दल विचारू लागला की लोकांना दलाल आल्याचा संशय येतो, आणि तो रास्त आहे. कोकणीतच सुरुवात करा. 'आंटी, पोरणीं पुस्तकां आसात?' असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, 'तो सगळो कोयर, कितें करतलो ताचें?' कोयर म्हणजे कचरा. तिथून गप्पा सुरू होतात. घरातल्या कोणाचं पुस्तक, ते काय काम करत, कुठे शिकले, हे विचारा आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुस्तक कपाटातून निघालं की ही माहिती पुन्हा मिळत नाही.

एक सापळा गोव्यातच भेटतो. इथे पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते आणि वडिलोपार्जित घरावर अनेक भावंडांचा हक्क असतो. एका भावाने दिलेली पेटी दुसऱ्याने परत मागितली, असं होऊ शकतं. म्हणून सगळ्यांच्या कानावर घाला, आणि रक्कम लहान असली तरी पुस्तकांची नावं लिहून पावतीवर सही घ्या. फुकट दिलेल्या पुस्तकांचीही चिठ्ठी करा.

हाताने लिहिलेल्या वह्या, खतावण्या, पत्रव्यवहार सापडला तर जपून. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज येतात. ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरच्यांना पणजीच्या पुराभिलेख खात्याशी बोलायला सांगा.

6. पुस्तकाचं वय ओळखा

नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. शीर्षकपानाच्या मागे 'प्रथम प्रकाशन 1937' दिसलं की पुस्तक 1937 चं वाटतं. खाली बारीक टाइपात पुनर्मुद्रणाची साल असते. शेवटची साल तुमच्या प्रतीची. भारतासाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या वाचायला उत्तम, पण मूळ आवृत्तीच्या भावाने घेऊ नका.

पुढची पानं फाटलेली असतील तर आतला मजकूर वय सांगतो. टीव्हीच्या पुस्तकात आधी रेषांचा आकडा शोधा. 30 रेषा आणि निपकोची चकती यांवरच सगळा भर असेल तर पुस्तक 1930 च्या आसपासचं. बीबीसीने बेअर्डची 30 रेषांची प्रक्षेपणं 1929 ते 1935 या काळात केली. 240 आणि 405 रेषा बरोबरीच्या स्पर्धक म्हणून आल्या असतील तर 1936 किंवा 1937 ची सुरुवात. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून सेवा सुरू केली तेव्हा दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवल्या, आणि काही महिन्यांतच बेअर्डची 240 रेषांची पद्धत बंद केली. अमेरिकी पुस्तकात 441 रेषा म्हणजे 1941 च्या आधी. 525 म्हणजे त्यानंतर. 819 म्हणजे युद्धोत्तर फ्रान्स. 625 म्हणजे युद्धानंतरचा युरोप, आणि पुढे आपण.

मग कॅमेऱ्याच्या नळीचं नाव पाहा. आयकॉनोस्कोप हाच शेवटचा शब्द असेल तर युद्धापूर्वीचं. इमेज ऑर्थिकॉन आलं की युद्धानंतरचं, व्हिडिकॉन आलं की 1950 नंतरचं. पालचा उल्लेख 1963 च्या आधी असूच शकत नाही. संचाच्या सर्किटात सगळीकडे ट्रान्झिस्टर दिसले तर 1960 नंतरचं धरा.

व्यापाराच्या पुस्तकात कायद्याची साल बघा. 1913 चा कंपनी कायदा शिकवणारं पुस्तक 1956 च्या आधीचं. उदाहरणांत रुपये-आणे-पै असतील तर बहुधा 1957 च्या आधीचं. 'नवे पैसे' असतील तर 1957 ते 1964. शिलिंग-पेन्समधली किंमत 1971 च्या अलीकडची नसते.

आता गोव्याची खास खूण. आतल्या पानावर पेन्सिलीने '30$00' असं लिहिलेलं दिसलं की डॉलर समजून पुस्तक अमेरिकेहून आल्याची गोष्ट रचू नका. ती एश्कुदो या पोर्तुगीज चलनातली किंमत आहे. पोर्तुगीज पद्धतीत ही खूण, सिफ्रांव, एश्कुदो आणि सेंताव्हू यांच्या मधे येते. गोव्यात 1958 मध्ये रुपिया या इथल्या जुन्या पोर्तुगीज चलनाच्या जागी एश्कुदो आला आणि 1961 च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया. म्हणजे इथल्या दुकानाच्या शिक्क्याशेजारी अशी किंमत असेल तर पुस्तक त्या थोड्याशा वर्षांतच विकलं गेलं. शिक्क्यात 'नोव्हा गोवा' असेल तर ते पणजीचं जुनं नाव. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का 1972 नंतरचा.

7. प्रत पूर्ण आहे का

तंत्राच्या पुस्तकांत घडी घातलेली मोठी सर्किटं शेवटी जोडलेली असतात, किंवा मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात. दुरुस्ती करणारे ती काढून भिंतीला लावत. त्यामुळे आधी मागून उघडा. मग चकचकीत कागदावरची छायाचित्रं यादीप्रमाणे मोजा. शेवटच्या जाहिराती फाडू नका; व्हॉल्व्ह कोण विकत होतं, कितीला, हा व्यापाराचा इतिहास त्या जाहिरातींतच आहे.

ग्रंथालयाचा शिक्का असून 'बाद' किंवा तत्सम शिक्का नसेल तर पुस्तक घेऊ नका. त्या ग्रंथालयाला कळवा.

8. भाव

विकणाऱ्याने किंमत सांगेपर्यंत तुम्ही सांगू नका, पण त्याच्या अज्ञानाचा फायदाही घेऊ नका. खरंच दुर्मीळ पुस्तक निघालं तर तसं सांगा आणि योग्य पैसे द्या; पुढचं कपाट उघडलं की तुम्हालाच फोन येईल. इंटरनेटवरच्या विक्रेत्यांनी लावलेले भाव ही मागणी असते, विक्री नव्हे. विकत घेण्याआधी इंटरनेट आर्काइव्ह आणि वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळांवर पाहा. जुन्या मासिकांचे आणि पुस्तकांचे स्कॅन तिथे मोफत आहेत. नुसतं वाचायचं असेल तर तेवढं पुरतं. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा.

9. घरी आणल्यावर

आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. एक कसर लागलेलं पुस्तक पूर्ण फळी खातं. ओलसर असेल तर पंख्याखाली सावलीत उभं करून पानं पंख्यासारखी उघडा. कडक उन्हात पुठ्ठा वाकतो. चकचकीत कागद ओला असेल तर वाळण्याआधी पानांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर वाळल्यावर ती पानं विटेसारखी चिकटतात आणि सुटत नाहीत. बुरशी पूर्ण वाळल्यावर अंगणात, मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. घरात नाही.

किडीसाठी औषध फवारू नका. कोरडं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर पुस्तकावर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका; तिचा गोंद काही वर्षांत पिवळा डाग होऊन कागदात उतरतो.

कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पावसात चिरा पाणी धरतो. पश्चिमेची भिंत तर टाळाच. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा 60 टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत, 65 च्या वर राहिला तर बुरशी येणार. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तपासा आणि रंग बदलला की गरम करून कोरड्या करा. पुस्तकं घट्ट कोंबू नका, हवा फिरली पाहिजे.

10. नोंदवही

प्रत्येक पुस्तकाची नोंद त्याच आठवड्यात करा: नाव, लेखक, प्रकाशक, तुमच्या प्रतीची साल, कुठून मिळालं, कोणाचं होतं, काय दिलं, काय कमी आहे. मूळ मालकाची सही किंवा शिक्का असेल तर फोटो काढून ठेवा. पुस्तकावर स्वतःचा क्रमांक घालायचाच असेल तर मागच्या पुठ्ठ्याच्या आत, मऊ पेन्सिलीने. वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या आणि तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की ही पुस्तकं रद्दीत घालायची नाहीत, आणि सांभाळणं जमलं नाही तर कोणत्या ग्रंथालयाला विचारायचं.